कड्यातली बिऱ्हाडं

निगडी सोडून जुन्या मुंबई-पुणे महामार्गानं तळेगावकडे निघालं की देहूरोडच्या पुढे, शेलारवाडीजवळ घोरावडेश्वराचा डोंगर रस्त्याला खेटून उभा दिसतो. पहिल्या पाळीच्या कंपनी-बसगाड्या पहाटेच त्याच्या पायथ्यावरून जातात, लोणावळ्याची लोकल जाते, कंटेनर जातात. डोंगराच्या वरच्या अंगाला कातळात खोल्या कोरलेल्या आहेत आणि तिथे ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. धेनुकाकट इथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबिकाची, म्हणजे शेतकऱ्याची, बायको सियगुतनिका हिनं आपला मुलगा नंद याच्यासह हे लेणं दान दिलं, एवढाच त्यातला मजकूर. राजा नाही, सेनापती नाही. एका शेतकरी घरातल्या बाईनं दिलेली कातळातली खोली दीड हजार वर्षांहून अधिक काळ तिच्या नावासकट टिकून आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला प्राचीन वास्तू पाहायची म्हटलं की वेरूळ-अजिंठा आठवतं, रजा टाकावी लागते, गाडी ठरवावी लागते. प्रत्यक्षात या पट्ट्याच्या भोवती डोंगरांचं जे कडं आहे, त्यात घोरावडेश्वर, इंदोरीजवळचा भंडारा, चाकणच्या पश्चिमेचा भामचंद्र, कामशेतजवळचं बेडसे, मळवलीजवळचं भाजे आणि कार्ले अशी एकामागून एक लेणी आहेत. उत्तरेला पुणे-नाशिक रस्त्यानं गेलं तर जुन्नरभोवती दोनशेहून अधिक. एवढी कोरीव लेणी एका जिल्ह्यात असणं ही देशातही दुर्मीळ गोष्ट आहे. पण आपण तिथे जातो ते देवळात गेल्यासारखे. हात जोडतो, फोटो काढतो, उतरतो. ही माणसांची राहती घरं होती, हे आपल्या लक्षातच येत नाही.

घर म्हणून पाहायला लागलं की बारीकसारीक गोष्टी दिसू लागतात. मधलं दालन, त्याच्या तिन्ही बाजूंना लहान खोल्या, हा विहार, म्हणजे भिक्षूंचं राहण्याचं ठिकाण. खोलीत जेमतेम एक माणूस झोपेल एवढा दगडी ओटा. दाराच्या चौकटीत वर-खाली भोकं आणि खाचा. तिथे लाकडी दार फिरायचं, अडसर लागायचा. भिंतीत कोनाडा, दिव्यासाठी किंवा भिक्षापात्रासाठी. बाहेर कातळात खोदलेली पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, आणि तिच्याकडे पावसाचं पाणी वळवणारे चर. बौद्ध भिक्षूंनी एरवी फिरतं राहावं आणि पावसाळ्यात एका जागी मुक्काम करावा, असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. मावळातला आषाढ-श्रावण ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या नियमाचं कारण वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढे हे मुक्काम कायमचे झाले, संघ वाढला आणि खोल्याही वाढत गेल्या.

जगात इतरत्र कड्यात राहिलेली माणसं वेगळ्या कारणांनी तिथे गेली. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात मेसा व्हर्डे इथे प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी बाराव्या-तेराव्या शतकात वालुकाश्माच्या कपारींखाली दगड-मातीची अख्खी वस्ती बांधली. क्लिफ पॅलेस नावाच्या एकाच वस्तीत सुमारे 150 खोल्या आहेत. तिथे कपार निसर्गानं दिली आणि घर माणसानं बांधलं. 1300 सालाच्या सुमारास ती माणसं दक्षिणेकडे निघून गेली. इटलीतल्या मातेरा गावात तर लोक गुहांमधून थेट विसाव्या शतकापर्यंत राहत होते; 1952 मध्ये सरकारनं कायदा करून त्यांना बाहेर काढायला सुरुवात केली आणि 1993 मध्ये त्याच गुहा जागतिक वारसा ठरल्या. सह्याद्रीत मात्र बांधकाम जवळजवळ नाहीच. इथे घर म्हणजे उणे केलेला दगड. छत, खांब, ओटा, पायरी हे सगळं डोंगराचंच अंग आहे.

याचं कारण कातळात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. आडवे, सलग, जाड थर. कारागिरांनी त्यातला कमी भेगांचा थर हेरायचा, कडा उभा तासून दर्शनी भाग करायचा आणि मग छतापासून खाली कोरत यायचं, म्हणजे परांची लागत नाही आणि वरचं काम खालच्या कामामुळे बिघडत नाही. चूक झाली तर दगड परत जोडता येत नाही. अर्धवट सोडलेल्या लेण्यांमध्ये टाकीचे घाव अजून तिरके, ओळीनं दिसतात. कुठे मधेच भेग लागली आणि काम थांबलं, तेही कळतं. यंत्रावर धातू कातणाऱ्या, मायक्रॉनचा हिशेब ठेवणाऱ्या इथल्या कामगारांनी ती अर्धवट लेणी मुद्दाम पाहावीत. पुस्तकी अभ्यासकापेक्षा त्यांना तिथे जास्त दिसेल.

या सगळ्यात जुनं घर पाहायचं तर भाज्याला जावं. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात इथलं काम सुरू झालं. 22 लेण्यांचा समूह, डोक्यावर विसापूर, शेजारी लोहगड. पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला हजारो जण येतात आणि त्यांतले पुष्कळसे पायऱ्या न चढताच परततात. वर गेल्यावर समोरच चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, दिसतं. 27 अष्टकोनी खांब, आणि ते सरळ उभे नाहीत, किंचित आत कललेले आहेत. लाकडी घरात छताचा भार पेलण्यासाठी खांब तसे तिरपे लावत. दगडात त्याची गरज नव्हती, पण कारागिराचे हात अजून सुताराचेच होते. छताला लाकडी फासळ्या आहेत, त्यांतल्या काही मूळच्या, म्हणजे दोन हजार वर्षांच्या. मावळातल्या पावसात आणि दमट हवेत सागाचं लाकूड एवढं टिकतं, यावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

भाज्यात आणखी दोन गोष्टींपाशी थांबायला हवं. एका टाक्यावर लेख आहे: महारथी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याचं हे पोढीचं दान. मोठ्या पदावरच्या माणसानं काय दिलं, तर पाणी. आणि थोडं पुढे दगडी स्तूपांची एक रांग आहे, पाच आत, नऊ बाहेर. ही इथे राहून गेलेल्या ज्येष्ठ भिक्षूंची स्मारकं. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी नावं त्यांवर कोरलेली आहेत. ज्या घरात आयुष्य गेलं, त्याच घराच्या अंगणात त्यांची आठवण ठेवली आहे. शेवटच्या टोकाच्या विहाराच्या ओसरीत चार घोड्यांच्या रथातली आणि हत्तीवर बसलेली अशा दोन आकृती कोरल्या आहेत. बहुतेक अभ्यासक त्यांना सूर्य आणि इंद्र म्हणतात, काहींना ते मान्य नाही. वाद काहीही असो, सकाळच्या तिरप्या उजेडात ते काम पाहणं हा फार मोठा आनंद आहे.

बेडसे तुलनेनं एकाकी आहे. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्यानं जाऊन, करुंजजवळ वळून पायऱ्या चढाव्या लागतात. चैत्यगृहापुढे सुमारे 25 फूट उंचीचे खांब आहेत, त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. अंगावरचे दागिने मोजता यावेत इतकी ती स्पष्ट आहेत. नाशिकच्या आनंद नावाच्या शेठचा मुलगा पुष्यणक यानं इथे दान दिल्याचा लेख आहे. शेजारचा विहार तर सबंध महाराष्ट्रात वेगळा उठून दिसणारा. इतर विहार चौकोनी असतात, हा मागे गोलाकार वळतो आणि त्याचं छत कमानीसारखं आहे. त्या वळणाच्या कडेनं खोल्या. इथल्या टाक्यावर सामडिनिका नावाच्या महारठिनीचं, म्हणजे महारथीच्या पत्नीचं, नाव आहे. इथे पाणी देणारी बाई होती. अरण्यात राहणाऱ्या गोभूती नावाच्या भिक्षूचा लहानसा स्तूपही जवळच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी सांगतात की 1861 पर्यंत बेडशाच्या भिंतींवर रंगीत चित्रांचे अवशेष होते. एक गोरा अधिकारी येणार म्हणून लेणं स्वच्छ करण्याचा हुकूम निघाला आणि त्या सफाईत चित्रं पुसली गेली. शतकानुशतकं टिकलेली गोष्ट काही दिवसांच्या हौशी सफाईत गेली, याचं दुःख तिथे उभं राहिल्यावर जास्त जाणवतं.

कार्ल्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. 124 फूट लांबीचं हे भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह. वैजयंतीच्या भूतपाल शेठनं हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचं लेखात अभिमानानं लिहून ठेवलं आहे आणि त्या अभिमानात खोटं काही नाही. लेण्याशेजारच्या एकवीरा देवीच्या दर्शनाला कोळी, आगरी, सीकेपी अशा कितीतरी समाजांची गर्दी असते, त्यामुळे लेण्यालाही रोज माणसं मिळतात. पण भिंतींवरची दात्यांची यादी वाचली तर तिथलं जग जवळचं वाटू लागतं. धेनुकाकटचा सामी नावाचा वाढकी, म्हणजे सुतार, यानं दर्शनी द्वाराचं काम केलं. सिंहदत्त नावाच्या गंधिकानं, अत्तर-सुगंध विकणाऱ्यानं, द्वाराचं दान दिलं. धेनुकाकटच्याच यवनांनी, म्हणजे परदेशी वंशाच्या रहिवाशांनी, खांब दिले. धेनुकाकट नेमकं कुठे होतं यावर अभ्यासकांत एकमत नाही. शेलारवाडीची सियगुतनिकाही त्याच गावची.

क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात यानं वलूरक, म्हणजे आजचं कार्ले, इथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दिलं. नंतर सातवाहन राजांनी हा प्रदेश जिंकला, तेव्हा ते दान नव्या राजवटीतही चालू राहावं असा हुकूम मामालच्या अमात्याला धाडला आणि तोही कोरून ठेवला. मामाल म्हणजे मावळ. सत्ता बदलली तरी डोंगरातल्या माणसांचं जेवण बंद पडू नये, ही काळजी त्या दगडावर आजही वाचता येते.

हा सगळा खर्च कुठून आला, याचं उत्तर रस्त्यांत आहे. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल बोरघाटानं आणि नाणेघाटानं वर चढायचा, मग जुन्नर, तेर, पैठण. वाटेवरच्या डोंगरांत भिक्षू राहत. व्यापाऱ्यांना त्यांचा आधार आणि भिक्षूंना व्यापाऱ्यांचं दान. आज त्याच वाटांवर द्रुतगती मार्ग, लोहमार्ग आणि कारखाने आहेत, हा योगायोग नाही. घाट चढून आल्यावर माल जिथे विसावतो, ती जागा दोन हजार वर्षांत फारशी हललेली नाही.

भिक्षू गेले तरी या खोल्या रिकाम्या राहिल्या नाहीत. सतराव्या शतकात देहूचे तुकाराम महाराज दुष्काळानं घर उद्ध्वस्त झाल्यावर याच डोंगरांत आले. भामचंद्र, भंडारा आणि घोरावडेश्वर ही त्यांच्या एकांताची तीन ठिकाणं वारकऱ्यांच्या मनात कायमची बसली आहेत. भामचंद्रावर त्यांनी पंधरा दिवस चिंतनात घालवले असं परंपरा सांगते. भंडाऱ्यावर माघ शुद्ध दशमीला मोठा सोहळा असतो, त्या दिवशी महाराजांना गुरूंचा अनुग्रह झाला अशी श्रद्धा आहे. भंडाऱ्यावर विठ्ठल-रखुमाईचं दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी थोडेच जण कड्याच्या अंगाला असलेली जुनी कोरीव लेणी आणि स्तूपाचे अवशेष पाहायला वळतात. घोरावडेश्वराच्या मूळ बौद्ध लेण्यात आता शिवलिंग आहे आणि महाशिवरात्रीला डोंगर माणसांनी फुलतो. एकाच कातळात भिक्षू, शैव आणि वारकरी राहून गेले. कोणी कोणाचं काय बदललं याचा अभ्यास जरूर व्हावा, पण तिथे जाणाऱ्यानं आधी हे सगळे थर एकत्र पाहावेत.

भामचंद्र तर आजही राहता आहे. कीर्तन-प्रवचनाचा अभ्यास करणारे तरुण साधक इथल्या गुहांमध्ये येऊन राहतात, पाठांतर करतात. खाली चाकण औद्योगिक वसाहतीचे टप्पे डोंगराच्या पायथ्यापर्यंत सरकत आले आहेत. 2008 मध्ये शिंदे-वासुली परिसरात एका बहुराष्ट्रीय रसायन कंपनीचं संशोधन केंद्र उभं राहू लागलं, तेव्हा डोंगर आणि नदी यांच्या रक्षणासाठी वारकरी आणि गावकरी रस्त्यावर उतरले. तो प्रकल्प तिथे झाला नाही. रोजगार हवाच, या पट्ट्यातली लाखो घरं त्यावर चालतात. पण डोंगराचा पाय खणला गेला तर वरचं लेणं कोणालाच परत कोरता येणार नाही, हे त्या वेळी साध्या माणसांनी ठामपणे सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

बौद्ध वारशाचा धागाही इथे तुटलेला नाही. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी देहूरोड इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. ती जागा आज धम्मभूमी म्हणून ओळखली जाते आणि शेलारवाडीची लेणी तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. दोन्ही ठिकाणं एका सकाळीत पाहून होतात.

जायचं कसं, हे सोपं आहे. पुणे-लोणावळा लोकलनं बेगडेवाडीला उतरलं तर घोरावडेश्वर, कामशेतला उतरलं तर बेडसे, मळवलीला उतरलं तर भाजे आणि कार्ले. भंडारा आणि भामचंद्रासाठी दुचाकी बरी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसात पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि भामचंद्राच्या अरुंद वाटेवर ते जिवावर बेतू शकतं. विजेरी बरोबर असावी. खोल्यांच्या आतले घाव आणि कोनाडे तिच्या तिरप्या उजेडातच दिसतात. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर, फटाके, मोठा आवाज, उग्र अत्तर यांनी माश्या उठतात आणि उघड्या पायऱ्यांवर पळायला जागा नसते. टाक्यातल्या पाण्यात बाटल्या टाकू नयेत, हे सांगावं लागतं ही खेदाची गोष्ट आहे. भिंतीवर नाव कोरणं हा 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली गुन्हा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मेसा व्हर्डेच्या क्लिफ पॅलेसमध्ये तर वनरक्षकाबरोबर, तिकीट काढून, ठरलेल्या गटातच जाता येतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दार उघडं आहे, म्हणून जबाबदारी जास्त.

लहान मुलांना नेलं तर त्यांना आधी ओट्यावर बसू द्यावं. इथे झोपताना उशी कुठे असेल, दिवा कुठे, पाणी आणायला कोण जात असेल, असं विचारलं की ती स्वतःच शोधायला लागतात. चैत्य, स्तूप, सातवाहन हे सगळं नंतर सांगितलं तरी चालतं.

ज्यांना एक अख्खा दिवस काढता येईल, त्यांनी चाकणहून राजगुरुनगर, मंचर, नारायणगावमार्गे जुन्नर गाठावं. लेण्याद्रीला गणपतीसाठी चढणारे हजारो जण असतात. ते गणेशाचं लेणंही मुळात विहारच. शिवनेरीच्या कड्यातही लेणी आहेत. तिथे चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. दुसऱ्या एका यवनानं, इरिलानं, जुन्नरच्या लेण्यांत दोन पोढ्या दिल्या. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे व्यावसायिक संघटनेनं, सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. आणि एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा हिशेब आहे, शेकडा दरमहा किती व्याज मिळायचं त्याच्या आकड्यासकट. त्या व्याजातून डोंगरातल्या बिऱ्हाडांचा खर्च भागायचा.

चाकणहून सकाळी सातला निघालं तर दहाच्या आत त्या लेखांच्या गावात पोचता येतं.